‘जाती’ या संज्ञेचे ओझे : जातिउद्भवाच्या मराठी मांडणीची एक चिकित्सा

प्रस्तावना

नव्या जीवजाती कशा निर्माण होतात हा प्रश्न जीवशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ मधील ग्रंथाचे शीर्षकच मुळी या प्रश्नाचे आहे. मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत मात्र हा प्रश्न एका अडचणीच्या शब्दामार्फत पोहोचतो. तो शब्द ‘जाती’ होय.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एका तासिकेत मिळाले. जीवशास्त्रीय जातीची व्याख्या सांगून झाल्यावर उदाहरण विचारले असता एका विद्यार्थ्याने देवणी आणि लालकंधारी ही नावे सांगितली. अहमदपूर परिसरातील शेतकरी कुटुंबातल्या मुलाने हे उत्तर द्यावे यात नवल नाही. देवणी व कंधार या दोन गावांनी आपली नावे ज्या जनावरांना दिली, त्यांना आपल्याकडे ‘जात’च म्हणतात. पण शास्त्राच्या दृष्टीने उत्तर चुकीचे होते. त्यानंतर मागच्या बाकावरून आलेला प्रश्न अधिक गंभीर होता : ‘सर, मग माणसांतल्या जातीही अशाच वेगळ्या असतात का?’ वर्गात क्षणभर शांतता पसरली. हा प्रश्न टाळून जातिउद्भव शिकविता येणार नाही, याची जाणीव त्या दिवशी झाली.

जातिउद्भवाची मराठी मांडणी कोणत्या शब्दांनी व प्रतिमांनी केली जाते, त्या मांडणीत कोणते दोष राहतात आणि आपल्या परिसरातील उदाहरणांनी ते कसे दूर करता येतील, याची चिकित्सा येथे केली आहे.

संज्ञांचा गोंधळ

‘जात’ हा एकच शब्द मराठीत किमान चार अर्थांनी वावरतो : माणसांची सामाजिक जात, जनावरांची जात, पिकाची जात आणि जीवशास्त्रातील जाती. यांपैकी शेवटचा अर्थ सर्वांत नवा आणि सर्वांत दुबळा आहे. ‘जात्याच’ म्हणजे जन्मतःच. जात नाही ती जात, असे आपण सहज म्हणतो. जन्माने ठरणे आणि न बदलणे हे दोन भाव या शब्दाला घट्ट चिकटलेले आहेत. जी गोष्ट बदलत नाही असे भाषाच गृहीत धरते, तीच बदलते हे सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.

पर्यायी शब्दांनी हा गोंधळ वाढविलाच आहे. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या वर्गीकरणात ‘प्रजाती’ ही ‘जाती’च्या वरची पायरी असते. वृत्तपत्रांत मात्र ‘प्रजाती’ हाच शब्द जातीसाठी रूढ आहे. मराठी विश्वकोशाने त्या वरच्या पायरीसाठी ‘वंश’ हा शब्द वापरला. तर आपल्याकडे ‘देवणी गोवंश’ म्हणताना त्याच शब्दाने जातीच्याही खालचा गट सुचविला जातो. म्हणजे सकाळी वृत्तपत्रात वाचलेला शब्द दुपारी वर्गात वेगळा अर्थ घेऊन येतो आणि संध्याकाळी गोठ्यात तिसरा.

दुसरा दोष बातम्यांच्या भाषेत दिसतो. आंबोली येथील पिवळ्या पोटाच्या लहान पालीचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच आंबोलीच्या हिरण्यकेशी येथील माशाचे वर्णन २०२० मध्ये झाले व ते स्थान २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. अशा प्रसंगी ‘नवी प्रजाती सापडली’ असे मथळे येतात. येथे ‘नवी’ म्हणजे शास्त्राला नव्याने ज्ञात झालेली. ती पाल आणि तो मासा मात्र शास्त्रज्ञ तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत आहेत. जातीचा शोध आणि जातीचा उद्भव या दोन भिन्न घटना आहेत, हा भेद बहुधा कोणी स्पष्ट करीत नाही.

शिडी की वृक्ष?

‘उत्क्रांती’ या शब्दातील ‘उत्’ हा उपसर्ग वर जाणे सुचवितो. पर्यायी ‘क्रमविकास’ हा शब्द एका पाठोपाठ एक येणाऱ्या पायऱ्या सुचवितो. दोन्ही शब्दांतून मनात शिडीच उभी राहते. त्यातच वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एका रांगेत चालणाऱ्या आकृत्यांचे परिचित चित्र भर घालते. या चित्रात एक जात संपते आणि तिच्या जागी दुसरी येते. एका जातीच्या दोन जाती होताना दिसत नाहीत. वास्तविक जातिउद्भवाचा गाभा हे विभाजनच आहे. डार्विन यांच्या ग्रंथात एकच आकृती होती आणि ती फांद्या फुटणाऱ्या वृक्षासारखी होती, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

शिडीच्या या प्रतिमेचे परिणाम दूरवर जातात. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणीही पाहिल्याचे सांगितलेले नाही, म्हणून डार्विन यांचा सिद्धांत चुकीचा आहे, अशा आशयाचे विधान केले. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींनी एकत्रितपणे त्याचे खंडन केले. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले.

या विधानाचा केवळ उपहास करणे पुरेसे नाही. तो आक्षेप शिडीच्या चित्रावर घेतलेला आहे आणि शिडीचे चित्र आपणच वर्गात रेखाटले आहे. आजचे माकड आणि आजचा माणूस या एकाच वृक्षाच्या दोन जिवंत फांद्या आहेत. एका फांदीचे रूपांतर दुसऱ्या फांदीत होताना कोणी पाहिले नाही, कारण तसे झाले असे सिद्धांत म्हणतच नाही.

जातिउद्भवाची प्रक्रिया : परिसरातील साक्षी

जीवशास्त्रीय व्याख्येनुसार, निसर्गतः आपसात प्रजनन करून प्रजननक्षम संतती निर्माण करणाऱ्या जीवसमूहाला जाती म्हणतात. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये या संकल्पनेला तिचे प्रसिद्ध रूप दिले. व्याख्येतील महत्त्वाचा शब्द ‘प्रजननक्षम’ हा आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि गाढवे जवळजवळ उभी असतात. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून खेचर जन्मते. ते कष्टाळू असते, पण त्याचा वंश चालत नाही. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३. या विषम संख्येच्या व विसंगत रचनेच्या गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत आणि प्रजननपेशी नीट तयार होत नाहीत. उलट देवणी गाय आणि लालकंधारी वळू यांची कालवड पुढे खुशाल वेते. म्हणून घोडा व गाढव या दोन जाती ठरतात. देवणी आणि लालकंधारी हे एकाच जातीतील, माणसाने निवडीने जोपासलेले दोन गट ठरतात. विद्यार्थ्याच्या त्या चुकीच्या उत्तरातच योग्य उत्तराची सामग्री होती.

एका जातीच्या दोन जाती होण्याचा सर्वपरिचित मार्ग भौगोलिक विलगतेचा आहे. एखादा जीवसमूह दरी, नदी, पर्वत किंवा समुद्र यांमुळे दोन भागांत तुटतो. दोन्ही भागांतील जनुकांची देवाणघेवाण थांबते. प्रत्येक भागात वेगळी उत्परिवर्तने साचतात, निसर्गाची निवड वेगळ्या दिशेने होते, लहान समूहात निव्वळ योगायोगानेही काही गुण स्थिरावतात. कालांतराने दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले तरी त्यांची वीण जुळत नाही. कोणीही ‘वर’ चढलेले नसते. दोघे केवळ वेगळे झालेले असतात.

सह्याद्रीत याची सुंदर साक्ष मिळते. कोयना परिसरातील एका भेकाचे, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाचे, वर्णन १९६३ मध्ये झाले. त्याच्याशी निकटचे नाते असलेली आंबोलीची जाती २००९ मध्ये वर्णिली गेली आणि या दोघांसाठी ‘झँथोफ्रायनी’ हा स्वतंत्र वंश स्थापन करण्यात आला. कोयना आणि आंबोली ही दोन्ही स्थाने एकाच पर्वतरांगेच्या माथ्यावर आहेत. पण त्यांच्यामध्ये दऱ्या आणि नद्यांची खोरी आहेत. ओलावा सोडून दूर जाऊ न शकणाऱ्या लहान प्राण्याला अशी खोरी समुद्राइतकीच दुस्तर असतात. एका रांगेवर, पण निरनिराळ्या माथ्यांवर, जवळच्या नात्याच्या जाती असणे हे भौगोलिक विलगतेच्या मांडणीशी सुसंगत आहे. सह्याद्रीतील लहान पाली आणि कंदीलपुष्पाच्या अनेक प्रदेशनिष्ठ जाती हेच सुचवितात.

दुसरा मार्ग मात्र आपल्या शेतातच पाहावयास मिळतो. गावरान कपाशीत २६ गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कपाशीत ५२. या ५२ चा इतिहास विलक्षण आहे. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातील कपाशीच्या एका पूर्वजाचा अमेरिका खंडातील रानकपाशीशी संकर झाला. दोघांचीही गुणसूत्रे २६ होती. पण ती परस्परांशी जुळणारी नव्हती. अशा संकराची गत एरवी खेचरासारखी झाली असती. मात्र त्यातील गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार मिळाला आणि वांझपण संपले. नवी वनस्पती आपल्या दोन्ही जन्मदात्यांपासून एका झटक्यात विलग झाली. आजही गावरान आणि अमेरिकन कपाशीचा संकर केल्यास ३९ गुणसूत्रांचे रोप मिळते आणि ते सहसा वांझ असते.

२००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाल्यानंतर अमेरिकन कपाशीच्या संकरित वाणांनी मराठवाड्यातील कपाशीचे बहुतेक क्षेत्र व्यापले. त्याआधी नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेले एनएचएच-४४ हे संकरित वाण घराघरांत माहीत झाले होते. येथेही भाषेची एक मेख आहे. एनएचएच-४४ हे एकाच जातीतील दोन वाणांचे संकरित आहे. तर स्वतः अमेरिकन कपाशी ही दोन जातींच्या संकरातून जन्मलेली नवी जाती आहे. ‘संकरित’ हा एकच शब्द दोन्हींना लावल्याने हा भेद पुसला जातो.

गव्हाची कथाही अशीच आहे. खपली गव्हाची गुणसूत्रे २८. खपलीच्या कुळातील मशागतीच्या गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर होऊन, संख्या दुप्पट झाल्यावर, ४२ गुणसूत्रांचा आपल्या रोजच्या पोळीचा गहू तयार झाला. ही घटना सुमारे ८ ते १० हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे शेती सुरू झाल्यानंतरची आहे. भुईमूगही ४० गुणसूत्रांचा असून तो २० गुणसूत्रांच्या दोन रानटी जातींच्या संकरातून आला. सारांश, आपले धोतर, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी या तिन्ही गोष्टी जातिउद्भवाच्या साक्षीदार आहेत.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तरही देता येते. युरोपातून विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आलेल्या ट्रॅगोपोगॉन वनस्पतींच्या संकरातून दोन नव्या जाती निर्माण झाल्या. त्यांचे वर्णन ओनबी यांनी १९५० मध्ये केले. म्हणजे या जातींचे वय माणसाच्या एका आयुष्यात मावणारे होते. गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर बेटावर १९८१ मध्ये दूरच्या बेटावरून एक नर फिंच पक्षी आला. स्थानिक मादीशी झालेल्या त्याच्या वीणीतून एक वंशावळ सुरू झाली. तिची चोच वेगळी, नरांचे गाणे वेगळे. त्यामुळे पुढच्या पिढ्या आपसातच जोड्या जमवू लागल्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने ही घटना पिढ्यान्‌पिढ्या नोंदविली. तिला पूर्ण अर्थाने नवी जाती म्हणावे की नाही यावर मतभेद असू शकतात. पण प्रजननविलगता आकाराला येताना पाहिली गेली, हे निर्विवाद आहे.

जात आणि जाती : मागच्या बाकावरचा प्रश्न

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळावे लागेल. जातिउद्भवाचा आधार प्रजननविलगता असेल आणि आपल्या समाजातील जातींचा आधार जातीअंतर्गत विवाह असेल, तर दोन्हींत साम्य नाही काय? प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात हेच साम्य असावे. शिक्षकाने येथे गप्प बसणे म्हणजे एका धोकादायक समजाला मूक संमती देणे होय.

या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे मिळते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांचा विचार केला. जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मूळ लक्षण असून ते बहिर्विवाहाच्या जुन्या चालीवर लादले गेले, असे त्यांनी दाखविले. म्हणजे ही विलगता दरीने किंवा नदीने घडविलेली नाही. ती माणसांनी नियमांनी उभारली आणि क्रौर्याने राखली. पुढे १९३६ मधील ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या नावाने मराठीत परिचित असलेल्या ग्रंथात त्यांनी थेट जीवशास्त्राचा निकष लावला. माणूस आणि पशू या भिन्न जाती आहेत. पण मानवी समूह एकाच जातीचे असून त्यांच्या परस्परविवाहातून होणारी संतती वांझ नसते, म्हणून आंतरजातीय विवाहाच्या बंदीला शास्त्राचा आधार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. निकष जुनाच होता. पण मायर यांच्या ग्रंथाच्या सहा वर्षे आधी तो इतक्या नेमकेपणाने सामाजिक प्रश्नाला लावणे ही बौद्धिक धाडसाची गोष्ट होती. मराठी विज्ञानलेखनाने या उताऱ्याची म्हणावी तशी दखल घेतलेली दिसत नाही.

अलीकडील जनुकशास्त्राने या भूमिकेला पुष्टी दिली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील प्राचीन जनसमूहांचे मोठ्या प्रमाणावरील मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अनुमानानुसार उच्चवर्णीय समूहांतील मिश्रण सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबले. याचा अर्थ असा की जातींच्या भिंतींना आरंभ आहे आणि त्या आरंभापूर्वी सर्वांचे पूर्वज मिसळलेले आहेत. या भिंतींनी नव्या जीवजाती निर्माण केल्या नाहीत. त्यांनी दिले ते काही समूहांत वाढलेले अप्रभावी जनुकांचे आनुवंशिक आजार, आणि त्याहून कितीतरी मोठे सामाजिक दुःख.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. डार्विन यांच्या १८५९ च्या आणि आंबेडकरांच्या १९१६ च्या, या दोन्ही विषयांना मराठीत ‘जातींची उत्पत्ती’ हेच नाव देता येते. दोघांचे विषय भिन्न. पण दोघांनी मोडून काढलेला समज एकच होता. जाती आरंभापासून आहेत आणि तशाच राहणार, हा तो समज. जातीला इतिहास असतो, हे दोघांनीही दाखवून दिले. आपल्या भाषेने या दोन विचारांना एकाच शब्दात आणून ठेवले आहे. या शब्दाचे ओझे होते ते आपण हा इतिहास सांगत नाही म्हणून.

आक्षेप व मर्यादा

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की दोष शब्दाचा नाही. ‘जात’ हा शब्द नसलेल्या युरोपातही डार्विनपूर्व काळात जाती अचल मानल्या जात होत्या. लिनियस यांच्या वर्गीकरणाचा आरंभ तेथूनच झाला. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. वस्तूंना अचल सत्त्व असते असे मानण्याकडे मानवी मनाचाच कल आहे. तथापि, आपल्याकडे या कलाला सामाजिक व्यवस्थेचे बळ मिळते, म्हणून येथे शिक्षकाची जबाबदारी अधिक आहे.

दुसरा आक्षेप व्याख्येबद्दल आहे. लैंगिक प्रजनन न करणाऱ्या जीवाणूंना आणि जीवाश्मांना ही व्याख्या लावता येत नाही. वनस्पतींत तर भिन्न जातींचे संकरही कधी प्रजननक्षम असतात. भारतात लावल्या जाणाऱ्या जुन्या जगातील कपाशीच्या दोन जातींच्या संकराची पहिली पिढी सुदृढ निघते. बिघाड दुसऱ्या पिढीत दिसतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण जातींच्या सीमा कोठे कोठे धूसर असणे हे जातिउद्भवाच्या विरोधातले प्रमाण नसून त्याच्या बाजूचे आहे. जाती हळूहळू विलग होत असतील, तर काही जोड्या अर्ध्या वाटेवर सापडणारच.

निष्कर्ष

१. अध्यापनात व लेखनात ‘जाती’ऐवजी ‘जीवजाती’ हा शब्द सातत्याने वापरावा. त्याच्या वरच्या पायरीसाठी ‘वंश’ आणि पिकांसाठी ‘वाण’ हे शब्द निश्चित करावेत. जनावरांच्या बाबतीत रूढ ‘जात’ शब्द राहील; पण तो जीवजातीहून वेगळा असल्याचे प्रत्येक वेळी सांगावे.

२. माकडापासून माणसापर्यंतच्या रांगेचे चित्र टाळून फांद्या फुटणाऱ्या वृक्षाची आकृती फळ्यावर काढावी. शोध आणि उद्भव यांतील भेद स्पष्ट करावा.

३. २०१८ पासून लागू झालेल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणात जातिउद्भवाला स्थान आहे, ही समाधानाची बाब होय. मात्र त्या थोडक्या ओळींना देवणी, खेचर, कपाशी, खपली आणि कोयना-आंबोली यांची जोड शिक्षकांनीच द्यावयाची आहे.

४. जीवजाती आणि सामाजिक जात यांचा संबंध वर्गात उघडपणे चर्चिला जावा. त्यासाठी जीवशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांच्या संयुक्त तासिका घेता येतील.

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासिकेत उत्तर दिले. देवणी आणि लालकंधारी यांचे वासरू वांझ नसते, हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक होतेच. ‘मग माणसाचेही तेच,’ असे तो स्वतःच म्हणाला. जातिउद्भव शिकविण्याचे सामाजिक प्रयोजन याहून वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.